आमच्या पाचबारीला क्रोम केल्याबद्दल

श्री. आबाजी भावोजी यांस सुमनवहिनीचे आशीर्वाद.

बुधवार, दिनांक १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी, सकाळचे पावणेअकरा. ही वेळ तुमच्या वर्कशॉपच्या दारावर, जिथे लिंबू-मिरची टांगता तिच्या शेजारी, ऑइलपेंटने लिहून ठेवावी. पुढच्या पिढीला कळू दे, आपल्या घराण्यात काय बुडाले आणि कधी. पत्र इथूनच तावातावाने पुढे नेणार होते. पण कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर फिलोमिना सांगत, ज्याला झोडपायचे आहे त्याची तब्येत आधी विचारावी, म्हणजे मार नीट बसतो. तेव्हा विचारते. तुमची साखर कशी आहे? दसऱ्याच्या जिलब्या चोरून खाल्ल्यातच ना? कुशाबाईंचे गुडघे काय म्हणतात? त्यांना सांगा, जिने चढू नका आणि नवऱ्याच्या कल्पनांना टाळ्या वाजवू नका. दोन्हींनी त्रास वाढतो. तुमच्या चि. प्रज्वलचे नवे लेझर मशीन ठीक चालते ना? (ते परत करण्याची काही सोय असल्यास जरूर कळवावे. टेम्पो मी करून देईन.) इकडे मी खुशाल आहे, असे पुढे लिहायची पद्धत आहे. मी खुशाल नाही.

आता तुम्हाला ठाऊक असलेलीच हकीकत मी पुन्हा लिहिणार आहे, कारण ठाऊक असूनही तुम्ही जे केलेत ते केलेत. मी पिंपरीच्या कंपनीत जन्मभर साहेबांची स्टेनो होते. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने भिंतीवरचे घड्याळ दिले. माझ्याबरोबर निघालेल्या बायकांपैकी कुणी फंडातून पाटल्या केल्या, कुणी मारुंजीला फ्लॅट घेऊन आयटीतल्या पोरांना भाड्याने दिला आणि आता त्या पोरांच्या बुलेटींवरून सोसायटीशी भांडतात. मी एकोणिसाव्या शतकातली रिव्हॉल्वरे जमवायला लागले. साऱ्या संत तुकाराम नगराने मला विचारले, 'कशाला?' पाटल्या करणाऱ्यांना कुणी 'कशाला' विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. खरे कारण मी फक्त तुमच्या दादांना सांगितले होते (चिमाजी हे नाव मी तोंडाने घेत असे, ते तुमच्या आईंना शेवटपर्यंत खपले नाही, म्हणून इथे दादाच म्हणते). जन्मभर दुसऱ्यांची पत्रे टाइप केली, त्यांत एक ओळ माझी नव्हती. आता घरात अशी एक तरी वस्तू हवी होती, जिला पाहून माणूस दोन पावले मागे सरेल. दादा म्हणाले, 'मग तू पुरेशी नाहीस का?' आणि स्वतःच माझ्याबरोबर पुण्याच्या कॅम्पात खरेदीला आले.

संग्रह म्हणजे अवघे तीन नग. पैकी दोन कुणाही संग्राहकाच्या कपाटात सापडतील असे. तिसरी ही पाचबारी: अठराशे पंचावन्नच्या सुमाराची, विलायती, ठासणीची, पाच बार उडवणारी. उडवणारी म्हणजे एके काळी. नळीत शिसे ओतून तिला केव्हाच मुकी केलेली आहे आणि तसे कागद पोलीस ठाण्यात आहेत. तरी दर निवडणुकीला हवालदाराचा फोन येतो, 'मावशी, हत्यार जमा करा.' मी भाजीच्या पिशवीतून नेऊन देते आणि निकाल लागला की घेऊन येते. आमच्या नगरसेवकाने सभागृहात जितका वेळ काढला नसेल, तितका तिने ठाण्याच्या कपाटात काढला आहे, आणि त्याच्याइतकीच गप्प बसून.

तिची पेटी तुम्ही पाहिली आहे. आत हिरवी मखमल, आणि मखमलीत दोन खाचा. एकीत पाचबारी, दुसरी मोकळी. म्हणजे मूळची जोडी. दुसरी कुठे गेली ते विकणाऱ्या पारशी आजींनाही सांगता येईना. ती मोकळी खाच मला पडलेल्या दातासारखी सलायची. दादा तिच्यात चष्मा ठेवायचे. ते गेल्यावर चष्माही ठेवला जाईना, आणि खाच जास्तच मोकळी दिसू लागली. अशात वाईच्या सयाजीरावांशी पत्रव्यवहार जुळला. गुरांचे निवृत्त डॉक्टर, ऐंशी ओलांडलेले, या छंदातले जाणते गृहस्थ. त्यांच्याकडे आजोबांपासून आलेली एक पाचबारी. नळीखालचा नंबर त्यांनी कळवला आणि मी भिंग घेऊन माझीचा पुन्हा पाहिला. माझीचा नंबर साताने संपतो, त्यांचीचा आठाने. त्याआधीचे सगळे आकडे तेच. एका बाकावर, एका कारागिराने एकीमागून एक घडवलेल्या सख्ख्या बहिणी, भावोजी! एक वाईत नांदते, एक पिंपरीत, आणि मध्ये खंबाटकीचा घाट.

कैक वर्षे नुसती पत्रे गेली-आली. या सप्टेंबरात त्यांनी लिहिले, की पोरांना यात गोडी नाही, माझ्यामागे ती भंगारात जाईल. दसऱ्याला दुपारी घेऊन येतो, दोघींना एकदा पेटीत शेजारी ठेवून पाहू, आणि मन म्हणाले तर माझी तिथेच ठेवून जाईन. अट एकच: तुमची जशी आहे तशी असावी. ही अट कशासाठी ते मी तुम्हाला तुमच्याच ओट्यावर बसून समजावले होते. जुन्या पोलादावर काळाची एक तपकिरी साय धरते. ती साय म्हणजेच त्या वस्तूचे वय. ती पुसली, की हातात उरते ते लोखंड, आणि लोखंड चाकणला किलोने मिळते. तुम्ही मान डोलावली होतीत. आता वाटते, तुम्ही तेव्हा पंख्याची हवा घेत होतात.

ती तुमच्याकडे आलीच कशी, हे लिहायचे मात्र मी मघापासून टाळते आहे. घराण्याची तलवार वाटणीत चुलत्यांकडे गेल्यापासून दर खंडेनवमीला तुमचे एकच रडगाणे: 'वयनी, तीन-तीन हत्यारं तुमच्या कपाटात कुलपात, आन् आमी पान्ह्याला हार घालतोय. लोकं हसत्यात. बरं दिसतं का?' दर वर्षी मी नाही म्हटले. यंदा सयाजीरावांचे पत्र आले होते, मी हवेत होते, आणि हवेत असलेल्या बाईने कपाटाच्या किल्ल्या शेजारणीकडे द्याव्यात. मी अष्टमीला तिन्हीसांजेला पाचबारी सुती फडक्यात गुंडाळून, कागदांसकट तुमच्या हाती दिली. तुम्ही म्हणालात, 'पोटच्या पोरीवानी जपतो, वयनी.' आणि मी रिक्षात बसले. चाळीस-बेचाळीस वर्षे त्या घरची सून असून मला सुचले नाही, की खंडेनवमीला तुमच्याकडे कोणतेही हत्यार पारोशा तोंडाने देवीपुढे बसत नाही. कोयता घासतात, पहारीला रंग देतात, लेथला न्हाऊ-माखू घालतात. एका वर्षी तुम्ही आग विझवायचा सिलिंडरसुद्धा शेंदरी रंगवलात आणि तो कसा वापरायचा ती सूचना कायमची झाकून टाकलीत. हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले आहे, फराळ खाल्ला आहे, आणि तरीही रिक्षात बसले.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला मी वर्कशॉपच्या दारात उभी. केळीचे खांब, झेंडूची तोरणे, मशिनांना हार, फरशीवर नवा हिरवा रंग (माझ्या चपला अजून हिरव्या आहेत). पाटावर लाल कापड, कापडावर पान्हे, पकडी, मोजमापाची हत्यारे, आणि मधोमध न्हाणीघराच्या नळासारखे काहीतरी लखलखत होते. मी भाबडेपणाने विचारले, 'हा नळ कशाला पूजेत?' तुम्ही छाती फुगवून म्हणालात, 'वयनी, वळखा बरं!' भावोजी, मी ओळखले. मला तिथल्या स्टुलावर बसावे लागले, तर तुम्हाला वाटले मी आनंदाने बसले, आणि तुम्ही कुशाबाईंना पाणी आणायला पिटाळलेत. 'गंजून पार म्हातारी झाली व्हती, आमी पोरगी करून टाकली!' मग एकेकाचा पराक्रम. तुमच्या कामगाराने, गोरक्षने, आधी गंज काढायच्या टाकीत बुडवली, मग बफिंगच्या चाकावर धरली. प्लेटिंगवाल्याने ओळखीखातर रांग मोडून रातोरात क्रोम करून दिले. नळीखाली बारीक खड्डे होते, ते ग्राइंडरवर सपाट केले. खड्ड्यांबरोबर नंबर गेला, तेव्हा प्रज्वलने लेझरने नवा मारला. 'त्योच नंबर हाय, वयनी, एक आकडा इकडचा तिकडं न्हाई. आधीचा वाचताबी येत न्हवता. आता आंधारात वाचा!' नंबराशेजारी श्री, त्याखाली 'आबाजी इंजिनिअरिंग वर्क्स, चाकण', आणि मुठीवर हिरवा ओकेचा स्टिकर. प्रज्वल म्हणाला, 'काकू, झिरो डिफेक्ट पीस झालाय.' पाचबारीचा मागचा घोडा लटपटत होता, त्याचा केव्हाचाच हरवलेला स्क्रू तुम्ही स्वतः जुन्या लेथवर बसून घडवलात, तेही ऐकवलेत. नळीतले शिसे काढायलाही निघाला होतात. तेवढ्यात आरतीची घंटा झाली. आई भवानीने पाचबारीला वाचवले नाही, पण निदान आपल्या दोघांना तुरुंगापासून वाचवले. कुशाबाईंनी तिला हळदकुंकू वाहिले आणि म्हणाल्या, 'जाऊबाई, किती ग्वाड दिसतीया!' मी आरतीत टाळ्या वाजवल्या. काय करणार होते? तुमच्या सगळ्यांच्या तोंडावर तिच्याहून जास्त चकाकी होती.

क्रोमचे एक वेळ सोसले असते. पण घरी आणून मूठ हातात घेतली, तेव्हा कळले की लाकूडही सोडलेले नाही. त्या मुठीच्या डाव्या अंगाला एक खळगा होता, तुम्हाला आठवत असेल. नसेलच आठवत, नाहीतर तुम्ही तो पुट्टीने भरून वर पॉलिश मारले नसते. कुण्या मेलेल्या साहेबाच्या अंगठ्याने झिजून झिजून तो पडला होता. दादांचा अंगठा त्यात बरोबर बसे. रविवारी दुपारी टीव्हीवर क्रिकेट लागले, की ते पाचबारी मांडीवर घेत, अंगठा तिथे फिरवत राहत आणि कोणी बाद झाला की पंचावर रोखत. मी ओरडायची, 'ठेवा ती, घामाने खराब होईल.' ते म्हणत, 'होऊ दे. दीडशे वर्षांनी कुणी म्हणेल, हा पिंपरीचा घाम आहे.' ते गेल्यावर मी कधीमधी त्या खळग्यात माझा अंगठा ठेवून बसत असे. हे मी कुणाला सांगितले नव्हते आणि तुम्हालाही सांगणार नव्हते. आता अंगठा ठेवला की घसरतो.

दसऱ्याला सयाजीराव आले. घाटातली गर्दी सोसून, डोक्याच्या फेट्यात गुंडाळून आपली पाचबारी घेऊन आले. दोघी पेटीत शेजारी शेजारी ठेवल्या, आणि भावोजी, ज्या क्षणाची मी इतकी वर्षे वाट पाहिली तो क्षण असा दिसला, की एखाद्या म्हाताऱ्या बाईशेजारी स्टीलची बादली ठेवावी. त्यांनी भिंग काढले. नळीखालचा नंबर पाहिला, श्री पाहिला, तुमच्या वर्कशॉपचे नाव पाहिले. दोनदा अंगठ्याने घोडा मागे ओढून सोडला. भिंग पुसून खिशात ठेवले. मग म्हणाले, 'बाई, ही आता अठराशे पंचावन्नची नाही राहिली. ही कालची झाली.' रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. गाय दगावल्यावर शेतकऱ्याशी बोलावे तसे बोलले. चहा घेतला, चिवड्याचे कौतुक केले, आणि आपली पाचबारी फेट्यात गुंडाळून परत नेली. आता नंबर जुळतात हे आम्ही दोघे म्हणू तेवढेच. नव्याने मारलेल्या नंबरावर या जगात कुणी विश्वास ठेवत नाही. उलट विचारतात, आधीचा कुणी आणि का घालवला? खाच मोकळी ती मोकळीच. आणि पहिल्या खाचेत जे आहे ते मला ओळखत नाही.

त्यांची गाडी वळते न वळते तोच तुम्ही दारात. नवा सदरा, मागे कुशाबाई आणि प्रज्वल, हातात आपट्याची पाने. दादा असल्यापासून दसऱ्याचे पहिले सोने तुम्ही आमच्या घरी देता, मग गावात. तुम्ही पाने पुढे केलीत, 'वयनी, सोनं घ्या' म्हणालात, आणि मी हात पुढे केला नाही. दार लावून घेतले. दाराच्या भिंगातून पाहिले तर तुम्ही बराच वेळ पाने तशीच धरून उभे होतात, आणि कुशाबाई तुमच्या सदऱ्याला धरून जिन्याकडे ओढत होत्या (गुडघे दुखत असताना दोन जिने चढल्या होत्या बिचाऱ्या). तेव्हापासून ना तुमचा फोन, ना सकाळचे फुलांचे फोटो, ना ती तुमची लांबलचक व्हॉइस नोट, जिच्यात निम्मा वेळ ग्राइंडर ऐकू येतो. फोन गप्प आहे. मला शांतता हवी होती, असे मी नेहमी म्हणत आले आहे. चुकीचे म्हणत होते.

असो. विषयाला धरून राहते. मी तुमच्याकडून लेखी खुलासा मागते, की दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी एक फोन करावा हे तुमच्या वर्कशॉपमध्ये कुणालाच कसे सुचले नाही. तिथे तर गिऱ्हाइकाने लिहून दिल्याशिवाय तुम्ही नटबोल्टला वॉशरसुद्धा घालत नाही. लेखी हमी मागते, की माझ्या उरलेल्या दोन रिव्हॉल्वरांकडे तुम्ही वाकड्या, सरळ किंवा भक्तिभावाच्या नजरेने पाहणार नाही. 'क्रोम काढून देतो' असे लिहू नये. क्रोम निघेल हो. साय परत चढायला आणखी दीडशे वर्षे लागतील, आणि त्या दसऱ्याला ओळख पटवायला आपल्यातले कोणी नसेल.

कुशाबाईंस नमस्कार, प्रज्वलला आशीर्वाद (अर्धा).

तुमची वहिनी,
सुमन
संत तुकाराम नगर, पिंपरी
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

ता. क. गोरक्षला बोलू नका. त्याच्यापुढे जे ठेवाल ते चकचकीत करणे हेच त्याचे काम. पुढे काय ठेवायचे हे मालकाने पाहायचे असते, आणि मालकाच्या हाती काय द्यायचे हे वहिनीने.

ता. क. दुसरा. काल सयाजीरावांचा फोन आला. मला वाटले, सांत्वनाला. तर विचारतात, 'तो घोड्याखालचा स्क्रू कोणी केला?' दोनदा घोडा ओढला तो याचसाठी होय! त्यांच्या पाचबारीतही नेमका तोच स्क्रू आजोबांच्या काळापासून नाही. घोडा काळ्या दोऱ्याने बांधलेला आहे. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत सगळे बंदूकवाले झाले. त्या भोकाचे आटे आजच्या कुठल्याच मापात बसत नाहीत म्हणतात. मी सांगितले, माझ्या दिराने केला. (फुगू नका. 'दुर्दैवाने माझ्या दिराने' असे म्हटले.) ते रविवारी १९ तारखेला दुपारी परत येत आहेत, पाचबारी घेऊन. तुम्ही भोक मोजायचे. फक्त भोक. मी समोर बसेन आणि हातात दादांची काठी असेल. स्क्रू काळाच ठेवायचा, त्यावर श्री नको, वर्कशॉपचे नाव नको, स्टिकर नको. तो बसला तर पुढे काय, हे ते बोलले नाहीत. फोन ठेवता ठेवता एवढेच म्हणाले, 'पेटी झाडून ठेवा, बाई. दोन्ही खाचा.' मी कालच झाडल्या. दुसऱ्या खाचेत दादांच्या चष्म्याचा एक बारीक स्क्रू सापडला. तो तुम्हाला दाखवायचा आहे, घासायला द्यायचा नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. वरील सर्व बाबींचे लेखी उत्तर मला शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशीला संध्याकाळी सहाच्या आत हवे. व्हॉइस नोट चालणार नाही. टपालावर माझा विश्वास नाही, तेव्हा स्वतः आणून द्यावे आणि जेवून जावे. कुशाबाईंसाठी खालच्या पानसेबाईंकडे खुर्ची सांगून ठेवली आहे, जिना चढवत नसेल तर मी खाली येईन. येताना दसऱ्याची ती आपट्याची पाने घेऊन या. तुमच्यासारख्या माणसाने ती टाकली नसणार. वाळली असतील, तपकिरी पडली असतील. तशीच आणा. पुसूसुद्धा नका.